लटारूभाऊची खबर

फॉरेस्ट गार्डची मोटरसायकल अंगणात येऊन थांबली तेव्हा दिव्यानी घरामागच्या भिंतीजवळ उभी होती. फोनला रेंजच्या दोन कांड्या मिळायच्या त्या सगळ्या घरात फक्त तिथेच. दोन दिवसांत त्या एवढ्याशा जागेवर तिने इतक्या येरझाऱ्या घातल्या होत्या की तिथली माती पायवाटेसारखी दबली होती. काम काही नव्हतं. नागपूरच्या कॉलेजातल्या ग्रंथालयाला रविवारी तिची काय गरज पडणार? पण घरात बसलं की हात रिकामे वाटायचे. हात रिकामे वाटले की ती फोन उघडून बाबांचा आवाज लावायची, आणि आवाज सुरू झाला की सैपाकघरातून आई म्हणायची, "बंद कर वं ते."

म्हणून ती मागे येऊन ऐकायची.

लटारू गुरनुले यांचा आवाज आसपासच्या दहा-बारा गावांना ठाऊक होता. सहा वर्षं रोज पहाटे, जंगलात जाणाऱ्या बायाबापड्या उठायच्या आत, ते काठी आणि बॅटरी घेऊन खैरबोडीच्या भोवताली एक फेरी मारून यायचे. ओल्या मातीत पंजा उमटलाय का, रानडुकरं कुठल्या अंगाने पळाली, वानर कुणीकडे तोंड करून खेकसतंय, हे सगळं बघायचे आणि गावाच्या ग्रुपवर अर्ध्या मिनिटाची खबर टाकायचे. लिहून नव्हे, बोलून. ज्यांच्यासाठी खबर होती त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. एकाकडून दुसऱ्याकडे जात ती खबर सूर्य उगवायच्या आत जंगलाकाठच्या टोल्यांपर्यंत, छोट्या वस्त्यांपर्यंत पोचायची. तिथल्या कितीतरी लोकांनी लटारूभाऊला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी तो आवाजच लटारूभाऊ होता.

बाबांनी दिव्यानीलाही त्या ग्रुपवर घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात पावणेपाचला फोन वाजून झोपमोड झाली, तेव्हा तिने ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. तो पुन्हा चालू करायचं राहून गेलं ते सहा वर्षं.

अकरा जानेवारीला फेरी मारून, खबर टाकून ते चुलीपुढे बसले आणि चहा हातात यायच्या आधीच एका अंगावर कलंडले. तेरावं झाल्यावर तिने तो ग्रुप उघडला. खबरांखाली खबरा, शेकड्यांनी, आणि प्रत्येकीपुढे न ऐकल्याची हिरवी खूण. तेव्हापासून ती एकेक ऐकत होती. एका बैठकीत फार नाही. संपतील या भीतीने.

"ताई, हे तुमी टाकलं का?" गार्ड अजय मागच्या बाजूला आला तोच हातात फोन पुढे धरून. चिमूरकडचा पंचविशीतला पोरगा, चार महिन्यांपूर्वी इथे बदलून आलेला. डोक्यावरची टोपीही त्याने काढली नव्हती.

फोनमधून बाबा बोलू लागले.

"राम राम. लटारू बोलून राह्यलो. आज बोडीकडची बाजू मोकळी हाय. मी पाळीवरून जाऊन पाहून आलो. वाघीन पहाडाकडं सरकली. मोह वेचाले जा, पन पाचजनी मिळून जा. एकटं कोनी जाऊ नका."

"मागच्या वर्षीची आहे ही," दिव्यानी म्हणाली. "मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली शुक्रवारी. खाली लिहिलंही होतं की बाबांची आठवण म्हणून."

"लिहिलेलं खालीच राह्यलं ताई. आवाज तेवढा पुढं गेला." त्याने तिला क्लिपवरची दोन बाणांची खूण दाखवली, हाताहाती फिरलेल्या गोष्टीवर उमटते ती. "टेंभूरटोल्यात पोचला. तिथल्या बायांनी उद्या पहाटे बोडीकडं जायचं ठरवलं हाय. अन् वाघीन तिथंच बसून हाय, पाच दिवसांपासून. तीन पिल्लं हायेत सोबत."

दिव्यानीने फोन त्याच्या हातून घेतला. तिला वेळ दिसत होती: काल सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं. बाबा कधी बोलले ते कुठेच दिसत नव्हतं. ते फक्त 'आज' म्हणाले होते. रोजच म्हणायचे. रोज नवी खबर टाकणाऱ्याला तारीख सांगायची गरज कुठे होती?

पुढचं तिला अजयने सांगावं लागलं नाही. मोहाच्या दिवसांत प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. आजीच्या, पणजीच्या वेळेपासून. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. टेंभूरटोल्यातल्या पाच-सहा घरांची झाडं बोडीच्या पाळीखाली, तळ्याच्या बांधाला लागून होती. पाच पहाटी त्या बाया घरी बसल्या होत्या आणि त्यांची फुलं हरणं खाऊन जात होती. अशात लटारूभाऊ म्हणतो की बाजू मोकळी आहे.

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"दुपारी जाऊन आलो ना! मले म्हणते, तू कालचा पोट्टा, लाकडाची मोळी धरनारा. लटारूभाऊ पाहून आला म्हनते तो खोटा, अन् तू खरा?"

"फोन लावा."

"कुठी लागते तिथं? चिंचेच्या फांदीले पिशवीत फोन टांगून ठेवते, तेव्हा कुठं मेसेज येते. दिवेलागणीले उतरवते अन् सारेजन ऐकते." अजयने आता टोपी काढली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, तुमच्यापाशी लटारूभाऊच्या लई खबरा असतीन. बोडीकडं जाऊ नका, अशीही एखादी असंनच. ते टाका. फोन उतरवाच्या आत पोचते. माह्या बोलण्यानं नाई थांबत त्या, पन त्यायच्या थांबते."

साडेपाच वाजत होते.

ती शोधू लागली. हिरव्या खुणांच्या रांगेतली एक, दुसरी, पाचवी. ऐकायला महिनोन्महिने पुरवायच्या म्हणून राखून ठेवलेला आवाज ती आता पहिल्या चार शब्दांवर तोडत होती. राम राम, लटारू. राम राम, लटारू. पहाडाकडं रानगवे. राम राम. पानी लई, नाला ओलांडू नका. बाराव्याला सापडली.

"आज बोडीकडं कोनी फिरकू नका. पाळीवर पंजा ताजा हाय. जीव मोठा हाय, मोह मोठा नाई."

"हेच!" अजय म्हणाला. "हेच टाका."

दिव्यानीचा अंगठा बाणावर होता. एक दाबायचं, एक नाव निवडायचं, पुन्हा एक दाबायचं. पाच बाया उद्या घरी राहतील. आणि परवा? परवा टोल्यात कोणी म्हणेल, लटारूभाऊ एकदा असं म्हणतो, एकदा तसं. तेरवा दोन्ही खबरा हातात हात घालून पुढच्या गावी जातील. बोडी तर प्रत्येक गावाला असते. पहाडही असतो. मोकळी असलेली बाजू आणि ताजा पंजा, दोन्ही फिरत राहतील, आणि कुठे कोणतं खरं होईल ते पहाटे झाडाखाली वाकलेल्या बाईला कळेल.

पण ते परवाचं. पहाट उद्या होती.

"कोनाले पाठवून राह्यली त्याले?"

आई दारात उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हाताला पीठ. रुखमाबाई घराच्या मागच्या दारापर्यंत आली हेच फार झालं होतं. दोन महिन्यांत ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. बाया येऊन बसून जायच्या, आई त्यांच्यातही भिंतीकडे तोंड करून बसायची.

दिव्यानीने सांगितलं. शुक्रवारचं, आपण टाकलेल्या क्लिपचं, सगळं. मध्येच तिचा आवाज चढला, जणू चूक आईची होती.

रुखमाबाईने ऐकून घेतलं. मग हातावरचं पीठ झटकत म्हणाली, "जित्तेपनी रोज पहाटे राबला. आता मेल्यावरही त्यालेच धाडता का?"

दिव्यानीचा अंगठा बाणावरून निघाला.

"न पाहिलेलं एक अक्षर बोलला नाई तो. पाय दुखत, ताप असला, तरी पाहून येई, मंगच बोले. अन् तुमी त्याच्या तोंडून..." तिने वाक्य पुरं केलं नाही. आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, चूल विझवल्याचा चर्र आवाज झाला. परत आली ती चपला घालून. "गार्डबाबू, गाडीवर तिघं बसते का?"

"आई, तू कशाला..."

"तुह्या एकटीचं कोन ऐकंन? तुले कोन ओळखते तिथं?"

वाक्य साधंच होतं. दिव्यानीला ते नागपूरपर्यंत पुरलं.

*

जंगलातून तीन किलोमीटर, डांबरी रस्त्याने वळसा घालून नऊ. अजयने डांबरीने नेलं. मधे दिव्यानी, मागे आई. आईचा हात खांद्यावर होता आणि तो सगळी वाट हलला नाही. दिव्यानी मात्र काय बोलायचं ते मनात जुळवत होती, मोडत होती. ग्रंथालयात ती शंभर पोरांपुढे उभी राहून बोलायची. एक साधं वाक्य मात्र दोन महिन्यांत तिने तोंडाने उच्चारलं नव्हतं. ऑफिसच्या अर्जात लिहिलं होतं. मैत्रिणींना टाइप केलं होतं. लोकांनी हात जोडलेल्या खुणा पाठवल्या होत्या, तिने उलट हात जोडलेल्या खुणा पाठवल्या होत्या, आणि कोणालाच काही म्हणावं लागलं नव्हतं.

ते पोचले तेव्हा चिंचेवरचा फोन नुकताच उतरला होता. फोन बुधूचा. सत्तरीचा म्हातारा, तो पिशवीची गाठ दातांनी सोडत होता. भोवती आठ-दहा माणसं बसलेली, बहुतेक बाया. त्यांच्यात मधोमध सोमारीबाई, वयाने साठीची, मांडीवर नवी विणलेली टोपली. उद्याची तयारी.

"आला पाहा मोळीचोर," अजयला बघून ती म्हणाली. बाया हसल्या.

"मी धरतो मोळी, चोरत नाई, बाई."

"तेच म्हनतो मी. आमची मोळी जाते कुठी मंग?" पुन्हा हसणं. "अन् ह्या कोन?"

"लटारूभाऊची मुलगी," अजय म्हणाला.

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले, आणि दिव्यानीला पळून जावंसं वाटलं. बुधूने बाजेवरची चादर झटकली. "बस माय, बस. जोहार. लटारूभाऊची पोरगी! तो कुठी हाय? त्याले काऊन नाई आनलं? सहा साल रोज बोलला, कधी तोंड नाई दाखवलं त्यानं. मधी दोन महिने खबर नाई आली, त आमाले वाटलं फोन बिघडला."

जुळवलेलं सगळं विसरलं. "बाबा वारले," दिव्यानी म्हणाली. "दोन महिने झाले. ती खबर मागच्या वर्षीची आहे. माझ्याकडून ती पाठवली गेली. उद्या बोडीकडे जाऊ नका, तिथे वाघीण आहे."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि जमिनीवर पडून राहिलं. कोणी उचललं नाही.

सोमारीबाईच पहिल्यांदा हसली. "काय बोलून राह्यली वं! काल त बोलला तो." ती अजयकडे वळली. "ह्यानं शिकवून आनली पोरगी. लाकूड आनू देत नाई, आता मोहही वेचू देनार नाई."

"मले काय भेटते तुमचा मोह अडवून? मी पितही नाई."

"म्हनूनच तोंड असं वाळलं हाय तुहं."

"मी खरं सांगतेय," दिव्यानी म्हणाली.

"थांब. दाखवतो तुले." सोमारीबाईने बुधूच्या हातचा फोन घेतला आणि सराईत बोटाने क्लिप लावली. राम राम. लटारू बोलून राह्यलो. सगळे मान खाली घालून ऐकू लागले, प्रार्थनेला बसल्यासारखे. "ऐकलं? मेलेला मानूस असा बोलते का? अन् मागं ऐक. मागं बांगड्या वाजून राह्यल्या. त्याची घरवाली चूल पेटवून राह्यली. रोज वाजते त्या, रोज. घरवाली बांगड्या घालून चाय मांडते अन् तू म्हनते नवरा मेला!"

दिव्यानीने ती क्लिप तीसएक वेळा ऐकली होती. तिला वाटायचं, ती किणकिण फोनचीच खरखर आहे.

आई गाडीपाशीच थांबली होती. ती आता पुढे आली, खांबावरच्या बल्बखाली, आणि बाजेपुढे येऊन तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला. मग दोन्ही हात कोपरापर्यंत पुढे केले. हात उघडे होते. मनगटावर, जिथे चाळीस वर्षं काच होती, तिथे कातडी थोडी उजळ होती. कपाळही तसंच.

"त्या माह्याच बांगड्या होत्या, बाई," रुखमाबाई म्हणाली.

फोनमध्ये बाबा सांगत होते की एकटं कोणी जाऊ नका. सोमारीबाईने घाईने ते बंद केलं. दोनदा चुकीच्या जागी बोट लागलं.

मग ती उठली, मांडीवरची टोपली खाली गडगडली तिकडे न बघता, आणि तिने रुखमाबाईची दोन्ही मनगटं हातात धरली. कोणी मोठ्याने रडलं नाही. एका बाईने नाकाला पदर लावला. बुधू बाजेवर बसला आणि पिशवीची गाठ, जी सुटलेलीच होती, पुन्हा सोडू लागला.

"दिसाले कसा होता?" त्याने विचारलं.

दिव्यानीने फोनमधला फोटो दाखवला. फोन हातोहात फिरला. "मले वाटे उंच असंन," एक बाई म्हणाली. "आवाज उंच मानसाचा हाय." दुसरी म्हणाली, "मिशी हाय वो!" आणि दोघी तिघी हसल्या, आणि आईसुद्धा, ओठ दाबून, पण हसली. दिव्यानीने ते दोन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं.

टोल्यात पाच फोन होते. दिव्यानी एकेक घेऊन ती क्लिप काढून टाकू लागली. पहिल्याच फोनला सोमारीबाईने तिचा हात धरला. "आधी एकदा ऐकू दे. मंग काढ."

मग तसंच झालं. प्रत्येक फोनवर एकदा ऐकायचं, मग काढायचं. पाच वेळा बाबा म्हणाले, आज बोडीकडची बाजू मोकळी आहे. पाच वेळा मागे आईच्या बांगड्या वाजल्या. आई तिथेच बसून होती, सोमारीबाईच्या शेजारी, आणि या खेपेला तिने बंद कर म्हटलं नाही. पाचव्यानंतर चिंचेखाली इतकं शांत झालं की झाडावरच्या पाखरांची कुरबुर ऐकू आली.

निघताना सोमारीबाईने सुकलेल्या मोहाची ओंजळ आणून पळसाच्या पानावर चिंचेच्या बुंध्याशी ठेवली आणि गोंडीत काही बोलली. दिव्यानीला त्यातलं एकच नाव कळलं.

*

सकाळी अजयचा फोन आला तेव्हा ती सिंदेवाहीच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीत बसली होती. "कोनी गेलं नाई ताई. मी उजाडल्यावर माणसं घेऊन पाहाले गेलो. सोमारीबाईच्या तिसऱ्या झाडाखाली वाघीन बसून गेली होती, पिल्लांसगट. फुलं सारी दबून चपटी झाली होती तिच्या अंगाखाली." मग म्हणाला, "आता रोज सकाळी मीच टाकतो खबर. तारीख बोलून."

"वारही बोला," दिव्यानी म्हणाली.

फोन ठेवून तिने नातेवाइकांचा ग्रुप उघडला. शुक्रवारची क्लिप तिने काल काढली होती. आतेभाऊ श्रीहरीने मात्र ती तीन ग्रुपवर पाठवली होती. त्याला विचारून तिने यादी केली, प्रत्येकाला फोन केले, काहींनी उचलले, काहींनी 'हो हो, काढतो' म्हटलं. एकाने उलट विचारलं, "काऊन? चांगला आवाज हाय." यादी कुठे संपते ते तिला कळत नव्हतं. पाय सारखे हलत होते. बसवत नव्हतं.

गाडी सुटली. सिंदेवाही मागे पडलं. शेवटच्या बाकांवर लग्नाची मंडळी बसली होती, पुढे कोणाचं तरी लेकरू रडत होतं. आणि मग, दोन बाकं पुढे, खिडकीशी बसलेल्या माणसाच्या हातून, गाडीच्या खडखडाटातून स्पष्ट:

"राम राम. लटारू बोलून राह्यलो. आज बोडीकडची बाजू..."

"ऐक," तो माणूस शेजारच्या बाईला म्हणाला, "बोडीकडं मोकळं हाय म्हनते. फोन लाव घरी. माय जाऊन येईन उद्या."

दिव्यानी उठली. गाडी वळण घेत होती. दांडा धरत, एकाच्या पायावर पाय देत ती पुढे गेली.

"भाऊ," ती म्हणाली, "ती खबर जुनी आहे. तुमच्या गावची नाही. बोलणारे माझे बाबा. ते वारले."

माणसाने वर पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. मग सरकून बाकावर जागा केली. ती टेकली. शेजारची बाई कानाला लावलेला फोन खाली घेत होती.

"तुम्ही ही आणखी कोणाला पाठवली?" दिव्यानीने विचारलं.

तो आठवू लागला. एकेक नाव घेत बोट दुमडत गेला. एका हाताची बोटं संपली, तेव्हा त्याने दुसरा हात वर घेतला.